कैलासच्या हाताची चव

"त्या बेटावर माणसे पटापट मरत आहेत, आणि तू तिथे आपण होऊन निघालीस?" कैलासने कढईखालचा गॅस बंद केला, परंतु पत्नीकडे वळून पाहिले नाही.

डॉक्टर राजेश्वरी बॅगेत कपडे भरीत होती. लोणावळ्यातला आपला दवाखाना तिने महिनाभरासाठी एका मैत्रिणीवर सोपविला होता. समुद्रापलीकडच्या एका बेटावर अनोळखी तापाची साथ उसळली होती, आणि तिकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या पथकात तिने स्वेच्छेने नाव दिले होते.

"मरत आहेत म्हणूनच निघाले," ती म्हणाली. "आणि अहो, त्या लोकांचे गुण तर तुम्हीच गात होता."

ते खरे होते. तळेगावच्या एका कारखान्यातर्फे यंत्रे बसविण्यासाठी कैलास त्याच बेटावर राहून आषाढात परतला होता. तिथली मासळी त्याला मानवेना, म्हणून त्याने अतिथिगृहाचे स्वयंपाकघरच ताब्यात घेतले. मावळातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा रोज संध्याकाळी भाकरी थापी, आणि तिथले सोबती त्याच्याभोवती कोंडाळे करून बसत. यंत्रे आपली पोटासाठी, यांचा खरा धर्म माणसांना खाऊ घालण्याचा, असे राजेश्वरी कौतुकाने म्हणत असे.

तो परतला, आणि मागोमाग साथीची वार्ता आली.

त्याच्या भ्रमणध्वनीत एक छायाचित्र होते. मेजाभोवती सोबती हसत होते आणि मध्यभागी कैलास परात घेऊन उभा होता. एकेकाच्या मृत्यूची बातमी येत गेली. आता त्या चित्रात मधला तेवढा जिवंत उरला होता. ते हसरे चेहरे आपल्याकडे काही मागत आहेत, असा भास त्याला वारंवार होई.

"देवाने मला वेळेत बाहेर काढले," तो म्हणाला. "तुला काढील कशावरून? मी आलो तेव्हा साध्या तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली होतीस. तुझ्यावाचून मला कोण आहे, सांग?"

"तो पावसाळी ताप होता. आणि तुमच्या हातची पेज पिऊन उठलेच ना मी?" ती हसली. "तोंड असे पाडू नका. लाडू द्या बरोबर."

त्याने लाडू दिले. ती गेली.

रिकाम्या घरात कैलासचे मन लागेना. तो आंदर मावळातल्या आपल्या गावी गेला. धुके इतके दाट होते की भैरोबाच्या देवळाचा कळस दिसत नव्हता. गावातली काही दारे बंदच होती. श्रावणात त्याचे चुलते मारुतीआबा तापाने गेले होते. बेटावरून परतताच कैलासने त्यांना आपल्या हातची भाकरी खाऊ घातली होती, आणि शेवटच्या दिवसांत त्यानेच मांडीवर घेऊन घास भरविले होते. त्यांच्यामागे आणखीही काही जण गेले होते.

"यंदा गावावर कसलं सावट हाय, कळंना," कस्तुराकाकी म्हणाली. आबांच्या पश्चात ती एकटीच राही. "आन् तुझी बायकू परमुलखात ताप हुडकाया गेली! हितं काय कमी व्हता?"

कैलास भैरोबापुढे उभा राहिला. राजेश्वरी सुखरूप परत निघाली, की साऱ्या गावाला जेवू घालीन. लाडू मी वळीन, पाने मी वाढीन, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत स्वतः अन्नाला शिवणार नाही, असा नवस तो बोलला.

भैरोबाने नवस ऐकला. मार्गशीर्षात तिचा निरोप आला : काम संपत आले, रविवारी निघते.

कैलास त्याच दिवशी गावी पोहोचला. रविवारच्या पंगतीसाठी बुंदी पाडली गेली, आणि लाडू वळण्यास त्याने दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. त्या दिवशी बंद दारांपुढून धुके सरकत होते. परंतु देवळाच्या अंगणात लहानथोर दाटीवाटीने बसले होते.

"बायकू इमानात आन् दादला चुलीपुढं!" काकी ओरडली. हशा पिकला.

"भाऊ, इकडं बी टाका की," शेजारचा निलेश म्हणाला. "बारका तुमच्या हातच्याबिगर खाईना."

कैलासने त्या बालकाच्या मुखात स्वतः लाडवाचा तुकडा घातला. किती दिवसांनी त्याचे अंतःकरण निर्भय झाले होते! पत्नी जिवंत होती. ती परत येत होती.

वाढून झाल्यावर तो देवळामागच्या उंचवट्यावर चढला. गावात तेवढ्याच जागी फोन लागे. फोन हातात घेताच वाजला.

"अहो, कालपासून लावते आहे!" राजेश्वरी म्हणाली. "तुम्ही कुठे आहात?"

"तू बरी आहेस ना?"

"मला काही होणार नाही. माझे रक्त तपासले. हा ताप मला येऊन गेला आहे, इथे येण्यापूर्वीच. लोणावळ्यात."

"लोणावळ्यात कसा येईल?"

"ऐका. साथ कोणापासून सुरू झाली, ते आम्ही मागे मागे शोधत गेलो. पहिले आजारी पडले ते तुमच्या अतिथिगृहातले. ज्याने त्यांना ताप दिला, तो स्वतः आजारी पडलाच नाही. तो धडधाकट आहे. त्याच्या हातचे जो खातो, त्याला हा ताप होतो." तिला हुंदका आवरेना. "अहो, तुम्ही घरी एकटेच आहात ना?"

कैलासने खाली अंगणाकडे पाहिले. खालून कस्तुराकाकी हाका मारीत होती.

"कैलास, ये रं आता! साऱ्या गावाच्या पोटात तुझ्या हातचं गेलं, तू तेवढा उपाशी ऱ्हायलास!"