अग्निहोत्र्याचं कुलूप

गाडी दारात येऊन उभी राहिली, तरी घराला लावायला कुलूप सापडेना.

मुलीनं कपाटं पालथी घातली. "बाबा, अहो, घरात एक साधं कुलूप नाही?"

"कशाला असेल?" म्हातारा म्हणाला.

खरंच होतं ते. लग्न झाल्याबरोबर नवराबायकोनं घरात अग्नी ठेवला होता. रोज सकाळ-संध्याकाळ त्यात आहुती द्यायची. त्यानं मंत्र म्हणायचे, तिनं शेजारी बसायचं. ती नसेल तर आहुती नाही, आणि आहुती चुकवायची नाही. मग घर बंद व्हायचंच कधी? लेकीच्या बाळंतपणालासुद्धा आई गेली नाही. कुणी विचारलं तर त्याच्याकडे शास्त्र तयार असायचं. ती मात्र निखाऱ्यांकडे बोट दाखवून हसायची. "ही माझी सवत हो! हिला एकटीला टाकून कुठं जाऊ?"

गेल्या महिन्यात ती गेली. तिच्या चितेला तोच अग्नी दिला. शास्त्र तसंच आहे, बायकोबरोबर अग्नीही जातो. मागं राहिलेल्या नवऱ्याचा त्यावर हक्क उरत नाही. कुंड गार पडलं. आता लेक त्याला आपल्या घरी न्यायला आली होती.

"थांबा, आईची ट्रंक बघते."

साड्यांच्या तळाशी काहीतरी जड लागलं. तान्ह्या बाळाचं टोपडं, हातानं शिवलेलं. त्यात गुंडाळलेलं कोरं करकरीत कुलूप, आणि दोऱ्यात ओवलेल्या दोन किल्ल्या.

लेक टोपड्याकडे बघतच राहिली. तिचा मुलगा आता कॉलेजात होता.

म्हाताऱ्यानं कुलूप हातात घेतलं. बाई गं, एकदा तोंडानं म्हणाली असतीस तर! पण म्हणाली असती तर आपण काय उत्तर दिलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दोघं बाहेर आली. लेकीनं दार ओढून घेतलं. कुलूप जरा कडक होतं, पण लागलं. तिनं दोरा तोडून एक किल्ली त्याच्या खिशात टाकली.

"आणि ही दुसरी, बाबा? ही कुणाजवळ द्यायची?"

म्हाताऱ्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिथंच पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

ड्रायव्हरनं गाडी बंद केली.