पाच मैल

रडारच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि इतक्या वर्षांत आईला तिची उणीव आज पहिल्यांदा जाणवली. वर टॉवरमध्ये तिची लेक परवाना मिळाल्यावर प्रथमच एकटी बसली होती. पाठीशी शिकवणारं कुणी नाही. त्यात ढग इतके खाली आलेले, की वैमानिकांनी उपकरणांच्या भरवशावरच उतरायचं.

काम ठरलेलं होतं. आईने विमानं एकामागे एक रांगेला लावायची, दोन विमानांत पाच मैल राखायचे आणि शेवटच्या टप्प्यावर ती लेकीच्या हवाली करायची. आई मात्र आठ मैल ठेवत होती. पोरीला जरा दम खाऊ द्यावा, एवढंच. तिकडे सहा विमानं ढगांवर घिरट्या घालत ताटकळली होती.

"आज फारच ऐसपैस कारभार चाललाय," शिफ्टचे साहेब मिशीत हसत म्हणाले.

"ढग आहेत ना!" आई म्हणाली. ही थाप तिची तिलाच पटली नाही.

टॉवरच्या थेट फोनचा दिवा लागला. या फोनवर आई-लेक नसतात. असतात फक्त टॉवर आणि रडार.

"रडार, अंतर पाच मैल करा. आठ लागत नाहीत मला."

आईचे कान लाल झाले. चोरी पकडली गेली होती, तीही पोटच्या पोरीकडून! नियमाप्रमाणे तिने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं, "पाच मैल, टॉवर."

मग तिने मन घट्ट केलं. पाच. पाच. पाच. पडद्यावरचा एकेक ठिपका धावपट्टीच्या टोकाशी जाऊन नाहीसा होत होता, म्हणजे सुखरूप उतरत होता. एकालाही उतरता उतरता परत वर जावं लागलं नाही. सहावा नाहीसा झाला तेव्हा टेबलाखाली आईचे पाय आपसूक ताल धरू लागले.

पुन्हा दिवा.

"रडार, ढग उचललेत. मागून येणारी विमानं इथून डोळ्यांनी दिसताहेत. आता चार मैलही चालतील."

"पुन्हा सांगा, टॉवर."

लेकीने शब्द न् शब्द पुन्हा सांगितला, तितक्याच शांतपणे.

"चार मैल, टॉवर."

"लाईन खराब आहे का हो?" साहेबांनी विचारलं.

"छे, चांगली खणखणीत आहे," चष्मा पुसत आई म्हणाली. "म्हणून तर दोनदा ऐकलं."