भाऊबीजेची पैठणी

मी भाऊबीजेचं ताट उचललं, तोच पाटावर बसलेल्या धाकट्या भावानं पैठणीचा बॉक्स पुढे केला. मी ताट खाली आपटलं.

गेल्याच आठवड्यात एफडी मोडून मी त्याच्या क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडलं होतं. व्याज तर सावकारालाही लाजवणारं.

"नोकरी नाही, मग ही कशावर घेतलीस?"

"कार्डावरच. भावोजींसमोर रिकाम्या हातानं कसा बसू, ताई?"

"म्हणजे माझी ओवाळणी मीच फेडायची? गाढवा, ते कार्ड टाक ताटात!"

त्यानं पाकीट उघडून कार्ड ताटात टाकलं. मी कात्री आणून त्याचे तुकडे केले आणि मगच त्याला ओवाळलं.

"साडी उद्या परत कर. पुढच्या वर्षी एक रुपया टाकलास तरी चालेल, पण स्वतः कमावलेला टाक."