पुरवणीतलं आडनाव

“हे उदाहरण नाही, बातमी आहे,” म्हणत बाबांनी शब्दकोशाचं कार्ड तिसऱ्यांदा परत केलं.

मुलीने ते घेतलं. सव्वाचार वाजले होते. परगावच्या विद्यापीठाला पाचच्या आत फोनवर होकार कळवायचा होता, नाहीतर तिथल्या कोशविभागातली जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. बाबांना हे सकाळपासून ठाऊक होतं आणि सकाळपासून ते त्यावर चकार शब्द काढत नव्हते.

घोडं अडलं होतं ते आफ्रिकेतल्या एका पुढाऱ्याच्या आडनावापाशी. माणूस एकेकाळी खरोखर मोठा. तुरुंग भोगला, परक्यांच्या तावडीतून देश सोडवला, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग तो जो खुर्चीत बसला, तो सदतीस वर्षं उठलाच नाही. हळूहळू इंग्रजी वर्तमानपत्रं त्याचं आडनाव साध्या नामासारखं वापरू लागली. कंपनीचा म्हातारा मालक असो की क्लबचा कायमचा अध्यक्ष, कुणालाही ते चिकटू लागलं. म्हणून ते आडनाव बाबांच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या पुरवणीत घ्यायचं ठरलं.

अर्थ तिने झटक्यात लिहिला होता: ‘ज्याने सोडवलं आणि मग स्वतःच धरून ठेवलं, असा माणूस.’ बाबांनी मान डोलावली होती. पण वापर दाखवणारं वाक्य काही पसंत पडेना. त्यांचा नियम जुना होता. उदाहरण घरातलं हवं, शाळकरी पोराला कळेल असं. त्याशिवाय कार्ड पेटीत जायचं नाही.

बाबा कोशाचे संपादक. वय एक्क्याऐंशी, पाय गेलेले, नजर आणि लाल पेन मात्र शाबूत. ती त्रेचाळीस वर्षांची. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. नातेवाइकांनी तिला मामाकडे धाडायचा घाट घातला, तेव्हा बाबा सगळ्यांशी भांडले आणि तिला आपल्यापाशी ठेवलं. तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसून राहिले. ती ते विसरली नव्हती, आणि तेच तर अवघड होतं. पहिली नोकरी चालून आली तेव्हा बाबा म्हणाले, एम अक्षर संपू दे, मग जा. दुसरी आली तेव्हा म्हणाले, एस संपला की नक्की. झेड संपूनही चार वर्षं झाली. आता पुरवणी होती, आणि पुरवणीला काही शेवट नसतो. आत्या केव्हाची इथे येऊन राहायला तयार होती. बाबा तिला नुसतं ‘बघू’ म्हणत.

बाबांना आपली घुसमट कळतच नाही, अशी मुलीने मनाची समजूत घातली होती. शब्दांत बुडालेला माणूस. एकदा कळलं की आपणहून जा म्हणतील.

तिने कोरं कार्ड ओढलं. शब्दाच्या जागी रेघ मारायची, ही कोशाची रीत. तिने एका दमात लिहिलं: ‘माझे बाबा — आहेत, बोट धरून त्यांनी मला चालायला शिकवलं, पण नंतर बोट सोडलंच नाही.’ आणि कार्ड बाबांपुढे धरलं.

बाबांनी चष्मा पुसून ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग लाल पेनाचं टोपण काढून खाली ‘मंजूर’ लिहिलं आणि सही केली. एकही काट न मारलेलं तिचं हे पहिलंच कार्ड.

“झकास,” ते म्हणाले. “आता पुढचं दे.”

नेहमीप्रमाणे त्यांनी नुसतं वाक्यच पाहिलं, असं तिला वाटलं.

“बाबा, ते उदाहरण आपल्याच घरातलं आहे.”

“कळलं गं.” बाबांचा हात पुढेच होता. “पहिल्या नोकरीच्या वेळेसच कळलं होतं. पुढचं कार्ड दे.”

ती त्या हाताकडे बघत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाबांना कळत नाही, एवढ्या एका आशेवर ती इतकी वर्षं थांबली होती. आता थांबायला काहीच उरलं नव्हतं. तिने फोन उचलला, आत्याला उद्याच ये म्हणून सांगितलं आणि बाबांच्या देखत विद्यापीठाचा नंबर लावला.