जमाव नव्हता

"जमाव काठ्या घेऊन धावून आला, म्हणून तुम्ही जीव वाचवायला पळालात. आपलं अपील एवढ्यावरच उभं आहे," वकिलांनी सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात पुन्हा बजावलं. टेम्पोचालक हणमंत चौगुलेने मान डोलावली.

शेजारच्या बाकावर कुबडी घेऊन अलका बनसोडे बसली होती. दोन वर्षांपूर्वी हणमंतच्या टेम्पोने तिच्या स्कूटीला उडवलं होतं आणि तो न थांबता निघून गेला होता. त्याबद्दल खालच्या कोर्टाने त्याला सहा महिन्यांची कैद सुनावली होती.

"जमाव कुठला हो, दादा?" ती हळूच म्हणाली. "मी एकटीच होते. तासभर हाका मारत होते."

जमावाची गोष्ट सांगून सांगून हणमंतला स्वतःलाही काठ्या दिसायला लागल्या होत्या. आता फक्त टेम्पोच्या आरशात लहान लहान होत गेलेली बाई दिसली.

पुकारा झाला. वकील बोलायच्या आत तोच हात जोडून म्हणाला, "साहेब, जमाव नव्हता. मी भ्यालो आणि पळालो."

न्यायाधीशांनी त्याला दोषीच ठरवलं. खरं बोलला म्हणून सहाचे तीन महिने केले.

पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा त्याची बायको भिंतीला धरून रडत होती. दारातून त्याने वळून पाहिलं. अलका कुबडी टेकत तिच्यापाशी पोचली होती.

"एकट्या नका जाऊ, वहिनी," ती म्हणत होती, "स्टँडपर्यंत मी येते."