कस्तुरीचा नंबर

सिंदी मेघे गावच्या भावनानं स्वतः काढलेल्या कॉमिकच्या शेवटच्या पानावर पोरींच्या मदतीला धावणाऱ्या नायिकेचा, म्हणजे कस्तुरीचा, म्हणून स्वतःचाच मोबाइल नंबर छापला होता. पोरं गंमत म्हणून फोन करत आणि ती कस्तुरी होऊन बोले. एका दुपारी तळेगावहून एक पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, "कस्तुरीताई, उद्या माह्यं लग्न लावून देऊन राह्यले घरचे. मी नववीतच आहो. तू येशीन ना?"

"येतेच," म्हणत भावनानं पत्ता विचारून घेतला आणि लगेच चाइल्डलाइन हेल्पलाइनला कळवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "ताई, पोलीस आलते! लग्न थांबलं! मले वाटे, तू फक्त पुस्तकातच आहे."

भावनानं सुटकेचा निःश्वास सोडला. "मलेही कालपर्यंत तसंच वाटे, बाई."