पहिली धार

दारूबंदी यायच्या आधीची गोष्ट. धानोऱ्याकडच्या मडाव्यांची मोहाची झाडं वडिलोपार्जित, आणि त्यांच्या मोहाच्या दारूचं नाव पंचक्रोशीत. ती गाळायची घरच्या सुनांनीच. पहिली धार पूर्वजांच्या नावानं जमिनीवर सोडल्याशिवाय कोणी थेंब ओठाला लावायचा नाही, ही रीत.

नणंदेच्या लग्नात भट्टी पहिल्यांदा नव्या सुनेकडे, कुंताकडे आली. घाईत तिनं जाळ वाढवला, हंडीत मोह करपला आणि गाडग्यात करपट वासाची दारू उतरली. अंगणात सोयरे द्रोण घेऊन बसलेले.

“काऊन व सूनबाई, मोह वेचाले जंगलात गेली का?” व्याही ओरडला.

कुंता गाडगं पदराआड धरून भट्टीपाशीच बसली. सासू बिरजाबाईनं गाडगं हुंगलं, अंगणात नेलं आणि पूर्वजांच्या नावानं धार सोडली. धार थांबेचना. गाडगं रिकामं झालं.

“अन् आमी का कोरडेच बसाव, बाई?”

“यंदा त्यायले लय तहान लागली, भाऊ. तुमच्यासाठी दुसरी उतरवून राह्यलो ना!”

भट्टीपाशी येऊन ती कुंताच्या कानाशी वाकली. “रडू नको, पोरी. माह्या पहिल्या गाडग्याच्या वक्ती बी त्यायले अशीच तहान लागली होती.”